घरचा डिजिटल टीव्ही रेकॉर्डर : निवड आणि वापर



राजापूर तालुक्यातील नाटे, साखरी नाटे, आंबोळगड, जैतापूर या किनारपट्टीत मार्च ते मे महिन्यांत बागायतदाराची संध्याकाळ त्याच्या हाती नसते. दिवसभर झेल्याने आंबा उतरवायचा, सूर्य कलल्यावर प्रतवारी करायची, अढी घालायची, पेट्या भरायच्या आणि गाडीची वाट पाहायची. नेमक्या याच वेळी दूरदर्शनवर शेतीचा कार्यक्रम लागून जातो. डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या फवारण्या चालू असताना वेगळी परिस्थिती नसते. ज्याला माहिती हवी तो बागेत, आणि माहिती सांगणारा पडद्यावर, अशी ही चुकामूक आहे. कार्यक्रम नोंदवून ठेवून सवडीने पाहता आला तर ती टळते. त्यासाठी लागणारे साधन कोणते, ते घेताना काय पाहावे आणि कोकणच्या हवेत ते कसे वापरावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

दिल्ली दूरदर्शनचा ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. दिल्लीजवळच्या ८० गावांत सामुदायिक संच ठेवून तो दाखविला जाई. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम मराठी शेतकऱ्याच्या घरात पोहोचला. २६ मे २०१५ पासून डी.डी. किसान ही शेतीसाठीची स्वतंत्र वाहिनी आहे. कार्यक्रमांची उणीव नाही, वेळ जुळत नाही एवढेच. पूर्वी यावर व्हिडिओ कॅसेटचा उपाय होता. पण कोकणच्या दमट हवेत टेपला बुरशी धरे आणि हवा तो भाग शोधायला फीत पुढे-मागे करीत बसावे लागे. डिजिटल रेकॉर्डरमध्ये चित्र आकड्यांच्या रूपाने हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्हवर साठते. अमेरिकेत असा घरगुती रेकॉर्डर १९९९ मध्ये टिवो या नावाने विक्रीस आला. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लसने छत्रीच्या जोडणीबरोबर तो दिला.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या घरी मोबाईलचे इंटरनेट चांगले चालत असेल तर केवळ शेतीच्या कार्यक्रमांसाठी नवा रेकॉर्डर विकत घेऊ नये. दूरदर्शनचे बरेच कार्यक्रम यूट्यूबवर नंतर पाहावयास मिळतात. परंतु खाडीकाठच्या उतारावरील आणि डोंगराच्या कुशीतील वाड्यांत फोनवर बोलण्यासाठीसुद्धा अंगणात यावे लागते. अशा घरांना रेकॉर्डर खरा उपयोगी पडतो.

कोणता रेकॉर्डर घ्यावा?

घरगुती वापरासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, डी.डी. फ्री डिशसारख्या मोफत सेवेचा सेट टॉप बॉक्स, ज्याला यू.एस.बी. खाच आहे आणि जो पेन ड्राइव्हवर नोंद करू शकतो. दुसरा, मासिक शुल्काच्या छत्री सेवेचा, आत हार्ड डिस्क असलेला किंवा बाहेरून जोडता येणारा बॉक्स. तिसरा, नोंदीची सोय असलेला टीव्ही संच.

तिसऱ्या मार्गाबाबत बरीच फसगत होते. टीव्हीवर ‘रेकॉर्ड’ हे बटण असले तरी ते संचाच्या स्वतःच्या ट्यूनरवर येणाऱ्या वाहिनीपुरतेच चालते. आपले चित्र बाहेरच्या सेट टॉप बॉक्समधून वायरीने येत असेल, आणि गावाकडे बहुतेक घरी ते तसेच येते, तर टीव्ही ते नोंदवीत नाही. म्हणून नोंदीची सोय बॉक्समध्येच पाहावी.

शुल्काच्या सेवेत चित्र स्वच्छ असते आणि मालिकेचे सर्व भाग आपोआप नोंदविण्याची सोयही काही बॉक्सांत असते. मात्र बहुतेक अशा बॉक्सवर केलेली नोंद कुलूपबंद असते. ती त्याच बॉक्सवर दिसते, शेजाऱ्याच्या संचावर किंवा संगणकावर दिसत नाही. रिचार्ज संपला की जुनी नोंदही पुष्कळदा उघडत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी अडचण आहे, कारण कलम बांधण्याचा धडा आपल्याला दोन वर्षांनीही पाहायचा असतो. आमच्या मते केवळ शेतीचे कार्यक्रम साठवायचे असतील तर मोफत सेवेचा यू.एस.बी. बॉक्सच पुरेसा आहे. घरात क्रिकेट आणि मालिकांसाठी शुल्काची सेवा आधीच असेल तर गोष्ट निराळी.

दुकानात जाताना स्वतःचा पेन ड्राइव्ह बरोबर न्यावा. डब्यावरील मजकुरावर विसंबू नये. काही बॉक्सांची यू.एस.बी. खाच केवळ गाणी व चित्रे दाखविण्यापुरती असते. दुकानदाराला पाच मिनिटांची नोंद करावयास सांगावे व ती लावून पाहावी. नंतर दहा मिनिटांनंतरचा टायमर लावून टीव्ही बंद करावा. बॉक्स आपोआप जागा होऊन नोंद करतो की नाही हे कळेल. शेवटी नोंद चालू असतानाच बॉक्सचा वीजपुरवठा बंद करावा आणि पुन्हा चालू करून तोवरची नोंद शाबूत आहे का ते पाहावे. काही बॉक्सांत अशी अर्धवट नोंद उघडतच नाही. ज्या गावात वीज केव्हाही जाते तेथे ही शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची समजावी.

एक ट्यूनर असलेल्या बॉक्सवर नोंद चालू असताना सर्वसाधारणपणे दुसरी वाहिनी पाहता येत नाही. दोन ट्यूनरचा बॉक्स घेतल्यास छत्रीपासून बहुधा दुसरी केबलही ओढावी लागते. घरात यावरून वाद होतील हे गृहीत धरूनच निवड करावी.

पेन ड्राइव्ह की हार्ड डिस्क?

साध्या चित्राच्या वाहिनीची नोंद ताशी साधारण १ ते १.५ जी.बी. जागा घेते. म्हणजे ३२ जी.बी.च्या पेन ड्राइव्हवर अर्ध्या तासाचे सुमारे ४० कार्यक्रम बसतात. एका हंगामाला एवढे पुष्कळ झाले. एच.डी. वाहिनीला याच्या कितीतरी पट जागा लागते. शेतीच्या कार्यक्रमासाठी तिची गरज नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला अधिक वीज लागते आणि काही बॉक्सांची खाच ती पुरवू शकत नाही. मग डिस्क टकटक आवाज करते व नोंद तुटते. अशा वेळी पेन ड्राइव्हच वापरावा.

ड्राइव्ह प्रथम बॉक्समध्येच फॉरमॅट करावा. फॉरमॅट केल्यावर त्यावरील आधीचे सर्व फोटो व कागद पुसले जातात, म्हणून लग्नाचे फोटो असलेला ड्राइव्ह यासाठी घेऊ नये. फॅट ३२ या पद्धतीत एक फाईल ४ जी.बी.पेक्षा मोठी होऊ शकत नाही. लांब कार्यक्रमाचे तुकडे पडलेले दिसले तर तो बिघाड नव्हे. टाईमशिफ्ट, म्हणजे चालू कार्यक्रम थांबवून मागे नेण्याची सोय, कायम चालू ठेवू नये. ती पेन ड्राइव्हवर सतत लिहीत-पुसत राहते व त्याचे आयुष्य कमी करते.

छत्री, खारी हवा आणि पाऊस

नोंद चांगली हवी तर मुळात संकेत चांगला हवा. डी.डी. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नाटे गावाहून पाहता तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. म्हणजे छत्रीचे तोंड समुद्राकडे नसून सह्याद्रीकडे, पण बरेच वर असते. त्या दिशेला घराजवळ माड किंवा वाढते कलम असल्यास चारपाच वर्षांत झावळी आड येऊ लागते. चित्र हळूहळू बिघडत असल्यास तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी आग्नेयेला मान वर करून पाहावे.

पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो व छत्रीला पाठीमागून आणि बाजूने झोडपतो. कौलारू घराच्या वाशाला छत्री बांधू नये. ती हलते आणि कौलेही सरकतात. जांभ्याच्या चिऱ्यात मारलेला खिळा सैल होतो. अंगणात सिमेंटमध्ये रोवलेला लोखंडी नळ सर्वांत उत्तम. खाऱ्या हवेने केबलच्या टोकाची जोडणी हिरवी पडते. म्हणून ती दरवर्षी पावसापूर्वी उघडून साफ करावी, नवी पिन लावावी व रबरी टेप गुंडाळावी. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा म्हणजे पाणी तेथूनच टपकते, बॉक्समध्ये उतरत नाही.

एवढे करूनही जून-जुलैच्या मुसळधार सरीत चित्र तुटणारच. या छत्र्यांवर येणाऱ्या लहरी दाट पावसात क्षीण होतात, त्याला उपाय नाही. कार्यक्रमाचे पुनःप्रक्षेपण असल्यास तेही नोंदवावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या तर मात्र नोंदीचा विचार न करता, गडगडाट जवळ येण्यापूर्वीच, बॉक्सची वायर व छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावीत. वीज डोक्यावर आल्यावर केबलला हात लावू नये.

टायमर लावताना

बॉक्सचे घड्याळ उपग्रहावरून चालते, पण त्यात भारताची वेळ, म्हणजे अधिक ५.३०, भरलेली असावी लागते. ती चुकली तर साडेसहाच्या शेतीऐवजी भलतेच काही नोंदले जाते. टायमर कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधी सुरू व दहा मिनिटे नंतर बंद होईल असा लावावा, कारण प्रक्षेपण पुढे-मागे होते. नोंदीसाठी टीव्ही चालू असण्याची गरज नाही. बॉक्सचे मुख्य बटण मात्र चालू हवे. ‘घरातून निघताना सगळी बटणे बंद’ ही आपली सवय येथे आड येते. बॉक्सला वीज फार थोडी लागते. ज्यांच्याकडे १२ व्होल्टचा बॉक्स आहे त्यांनी तेवढ्याच व्होल्टचा लहान बॅटरी संच जोडल्यास तासाभराच्या खंडात नोंद तुटत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळासारख्या प्रसंगी अर्थातच याचा उपयोग नाही.

काय नोंदवावे, काय नोंदवू नये

हाताने करावयाची कामे पडद्यावर जितकी समजतात तितकी लेखात समजत नाहीत. आंब्याचे कोय कलम, काजूचे मृदुकाष्ठ कलम, जुन्या झाडाची छाटणी, फळमाशीसाठी रक्षक सापळा लावणे, असे भाग नोंदवावेत. चाकूचा काप कोणत्या कोनात घेतला, पट्टी कोठून गुंडाळली, हे चित्र थांबवून पाहता येते. मात्रा सांगितली जाते तेथेही चित्र थांबवावे व वहीत लिहून घ्यावे. पॅक्लोब्युट्राझॉलची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला सांगितलेली असते. घाईत ऐकणारा ती दर झाडाला समजतो आणि मग औषध लागू पडले नाही असे म्हणतो.

कीडनाशकांविषयीच्या जुन्या नोंदी मात्र जपून वापराव्यात. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली. डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. त्याआधीच्या नोंदीत ही नावे सहज ऐकू येतील, आणि पडद्यावरचा तज्ज्ञ तेव्हा बरोबरच सांगत होता. म्हणून प्रत्येक नोंदीच्या नावात महिना व वर्ष घालावे. फवारणीचे भाग दर हंगामाआधी विद्यापीठाच्या चालू वेळापत्रकाशी ताडून पाहावेत आणि जुळत नसल्यास पुसावेत.

हवामानाचा अंदाज कधीही नोंदवू नये. साखरी नाट्याच्या मच्छीमार बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कालचे बातमीपत्र आज कोणी लावले आणि ‘समुद्र शांत राहील’ हे ऐकून होडी लोटली तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. टाईमशिफ्टचाही धोका तोच आहे. जेवणासाठी थांबविलेला कार्यक्रम पुन्हा सुरू केला की पडद्यावर दिसते ते तासाभरापूर्वीचे असते, पण पाहणाऱ्याला ते आत्ताचे वाटते. इशाऱ्याच्या दिवसांत ही सोय बंद करून थेट प्रक्षेपणच पाहावे.

एकत्र पाहणे

पुणे आकाशवाणी केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकरी रेडिओ मंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा आणि लगेच बसून त्यावर चर्चा करायची, अशी पद्धत होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांतील लोकांचे ज्ञान बरेच अधिक वाढल्याचे त्या पाहणीत दिसून आले. त्या मंडळांना कार्यक्रम मध्येच थांबविता येत नव्हता, तुम्हाला येतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत किंवा लावणी आटोपल्यावर वाडीतील दहा-पंधरा जणांनी, स्त्रियांसह, एका पडवीत बसून एक भाग पाहावा. शंका आली की थांबवावे. उत्तर न मिळालेले प्रश्न कागदावर लिहून कृषी सहाय्यकाकडे किंवा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडे पाठवावेत.

कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसेच प्रामाणिकपणे केवळ शिकविण्यासाठी वा संशोधनासाठी केलेली नोंद हा प्रक्षेपण हक्काचा भंग ठरत नाही. मात्र नोंदीच्या प्रती विकू नयेत, पाहण्यासाठी पैसे आकारू नयेत आणि त्या इंटरनेटवरही टाकू नयेत.