रबर घरीच ठेव

चि. सोनूस,


तू पाठवलेली पानं पुन्हा पुन्हा पाहिली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीनं तुझी नजर प्रमाणाला पक्की झाली आहे, याचा फार आनंद वाटला. पण पेन हाती आलं तरी पेन्सिलीची सवय सुटलेली नाही. तू बारीक बारीक तुकडे जोडत जातेस आणि रेषा केसाळ होते. एसटी स्टँडवरच्या त्या आजीच्या पदराची चुणीन् चुणी आली आहे, पण गाठोड्यावर रेललेल्या तिच्या अंगाचा भार कुठे आहे, ते काही दिसत नाही.

आधी तो भार शोध. माणूस कोणत्या पायावर उभा आहे, पाठ कुठे वाकली आहे, एवढंच मिनिटभरात काढ आणि पान उलट. नाक-डोळे नकोत. दुसरा सराव याच्या उलट, अगदी सावकाश करायचा. स्वतःचा डावा हात समोर धर आणि कागदाकडे न बघता, नजर कडेवरून सरकेल तसं पेन सरकू दे. बोटं वेडीवाकडी येतील, येऊ देत. किमॉन निकोलाईडीस या अमेरिकन कलाशिक्षकाचं १९४१ मध्ये निघालेलं पुस्तक याच दोन सरावांपासून सुरू होतं.

मनगट टेकवलंस तर रेषाही मनगटापुरतीच फिरेल. हात खांद्यापासून हलव. रेषेतली लय समजावी म्हणून चित्रकार के. के. हेब्बर चक्क कथ्थक शिकले होते! त्यांची नर्तकांची रेखाटनं मिळतील तिथे बघ.

जेलपेन एकाच जाडीनं चालतं, म्हणून कधी बोरूही घे. व्हॅन गॉगनं १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लची शेतं बोरूनं काढली: कुठे ठिपके, कुठे आखूड फटकारे, कुठे शाई संपत आलेली फिकी ओढ. रंग नसूनही ऊन जाणवतं.

रेषा चुकली तर खोडायची नाही, तिच्या शेजारी दुसरी काढायची. दोन्ही राहू देत. तू कशी शोधत गेलीस ते त्यातूनच कळतं. महागडी वही मात्र आणू नकोस, तिच्यापुढे हात बिचकतो. बाबांच्या ऑफिसातले पाठकोरे कागद पुरेत.

दिवाळीत येशील तेव्हा सगळा गठ्ठा घेऊन ये. चांगली चांगली निवडून आणू नकोस, फसलेली मला आधी बघायची आहेत.

तुझी,
मावशी