कंटेनर भरताना वजनाचा हिशेब

आपल्या कापड व्यापारातील बऱ्याच मंडळींची अशी समजूत असते की, गोदामात कंटेनरला सील लागले की आपले काम संपले. पुढचे बंदरवाले जाणोत. ही समजूत आम्हाला १९९८ साली महागात पडली. तो तजुर्बा वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम क्रेनचे काम समजून घेऊ. न्हावा-शेवाच्या धक्क्यावर रुळांवरून सरकणाऱ्या उंच क्रेन आहेत. क्रेनचा लांब हात जहाजावर पसरलेला असतो. त्या हाताखालून ट्रॉली पुढे-मागे धावते आणि तिच्याबरोबर चालकाची केबिनही. ट्रॉलीला तारेच्या दोरांनी एक लोखंडी चौकट टांगलेली असते, तिला स्प्रेडर म्हणतात. कंटेनरच्या वरच्या चारही कोपऱ्यांत भोके असतात. स्प्रेडरचे चार ट्विस्टलॉक त्या भोकांत शिरतात व पाव वळण घेऊन अडकतात. मग कंटेनर उचलला जातो. उतरवताना हीच क्रिया उलट होते. एका कंटेनरला जेमतेम दोन-तीन मिनिटे लागतात.

आता मुद्द्याची गोष्ट. चालकाला पेटी दिसते, आतला माल दिसत नाही. कुठला कंटेनर जहाजात खाली आणि कुठला वर, हेही आपण कळवलेल्या वजनावरूनच आधी ठरते. जड पेटी वर गेली तर थप्पी कोसळण्याचा धोका असतो.

आमची चूक अशी झाली. कोऱ्या कापडाच्या जड गाठी आम्ही कंटेनरच्या आतल्या टोकाला रचल्या आणि तयार कपड्यांचे हलके खोके दाराकडे. वजन अंदाजाने लिहिले. बंदरात उचलताच पेटी एका बाजूला झुकली. चालकाने ती खाली ठेवली. परवानगी घेऊन सील तोडणे, माल पुन्हा रचणे यात जहाज निघून गेले. लेटर ऑफ क्रेडिटमधील माल चढवण्याची शेवटची तारीख टळली. ग्राहकाने भाव पाडून मागितला आणि आम्हाला तो द्यावा लागला. नफा तर गेलाच, पदरचेही गेले. दोष कुणाचा? आमचाच.

जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नापोली’ हे जहाज इंग्लिश खाडीतील वादळात तडकले. पुढे त्याच्या डेकवरचे कोरडे राहिलेले सुमारे ६६० कंटेनर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांच्या वजनात कागदापेक्षा ३ टनांहून अधिक फरक निघाला. १ जुलै २०१६ पासून मात्र भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन कळवणे जगभर सक्तीचे झाले. ही जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, म्हणजे आपली आहे.

व्यापारी बांधवांनी एवढे पाळावे :

१. कंटेनरच्या दारावर रिकामे वजन व कमाल वजन लिहिलेले असते. ते वाचूनच माल ठरवावा.

२. जड गाठी तळाला, हलके खोके वर. आणि भार दोन्ही टोकांना व दोन्ही बाजूंना सारखा.

३. मोकळ्या जागा भरून काढाव्यात, म्हणजे माल सरकणार नाही.

४. भरलेला कंटेनर मान्यताप्राप्त काट्यावर तोलावा. नाहीतर मंजूर पद्धतीने सारा माल, खोकी, आधाराची लाकडे तोलून त्यात रिकामे वजन मिळवावे.

काट्याचा खर्च थोडा असतो. चुकलेल्या जहाजाचा हिशेब आम्ही वर दिलाच आहे.