उच्चार आणि श्रोत्याचे कान

गेल्या सत्रातील एका तासाची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक विद्यार्थी उभा राहून इंग्रजी धडा वाचीत होता. वाचन सावकाश, परंतु स्वच्छ होते. अर्थ त्याला कळला होता. तरीही मागच्या बाकांवरून हशा उठला. मुलगा मध्येच थांबला व खाली बसला. त्यानंतर पुष्कळ दिवस वाचनासाठी त्याचा हात वर झाला नाही. विचारांती आमच्या ध्यानात आले की, वर्ग त्याच्या चुकीला हसला नव्हता. त्याच्या हेलाला हसला होता. चूक आणि हेल या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बालपणी जीभ ज्या भाषेत वळते, त्या भाषेच्या सवयी ती परभाषेतही नेते. इंग्रजीत ‘द्राक्षवेल’ आणि ‘द्राक्षाची मदिरा’ या अर्थांचे दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याच्या आरंभी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दुसऱ्याच्या आरंभी ओठांचा चंबू होतो. आपल्यापैकी कित्येकांच्या बोलण्यात मात्र हा भेद नीट उमटत नाही. इंग्रजांचा ‘ट’ दातांमागील हिरडीवर उमटतो. आपला त्याहून मागे, जीभ वळवून. यात बुद्धीचा दोष नाही. हा केवळ जिभेचा अभ्यास होय.

मग न्यायनिवाडा कोण करतो? श्रोत्याचे कान! खुद्द इंग्रजही यातून सुटलेले नाहीत. 1941 साली, महायुद्ध चालू असता, बीबीसीने यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांस राष्ट्रीय बातम्या वाचावयास बसविले. भाषा इंग्रजी, वाचणारा इंग्रज. पण हेल लंडनच्या प्रतिष्ठितांचा नव्हे, म्हणून कित्येक श्रोत्यांनी तक्रारी केल्या.

याहून नवलाचा प्रयोग अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी केला व 1992 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन स्त्रीच्या आवाजातील मुद्रित व्याख्यान ऐकविले. काहींसमोर गौरवर्णीय स्त्रीचे छायाचित्र ठेविले, काहींसमोर आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही आशियाई चेहरा पाहणाऱ्यांस परकीय हेल ऐकू आला आणि व्याख्यानही कमी समजले. म्हणजे जो हेल ध्वनीत नव्हताच, तो त्यांच्या मनाने निर्माण केला!

कॅनडातील मन्रो व डर्विंग या संशोधकांनी 1995 साली एक उपयुक्त भेद दाखविला. हेल किती जाणवतो, ऐकणाऱ्यास किती श्रम पडतात आणि प्रत्यक्षात किती समजते, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. हेल ठळक असूनही प्रत्येक शब्द अचूक समजू शकतो.

म्हणून उच्चारांची मेहनत सोडावी काय? मुळीच नाही. ज्या ठिकाणी अर्थ बिघडतो, तेथे अवश्य कष्ट घ्यावेत. ‘रेकॉर्ड’ या शब्दात पहिल्या अवयवावर आघात दिला तर ते नाम होते, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. असा आघात शिकणे हा अभ्यास. साहेबाच्या नाकातील सूर उचलणे ही नक्कल.

आमची मातृभाषा कोंकणी. उच्च शिक्षणासाठी घर सोडून परगावी गेलो असता एका वक्तृत्वस्पर्धेत आम्ही मराठीत भाषण केले. भाषणातील मुद्द्यांविषयी चकार शब्द न काढता एका परीक्षकांनी हसून विचारले, “आपण गोव्याकडचे काय?” तो प्रश्न आम्हांस बरीच वर्षे सलत राहिला. आणि तरीही येथे एक कबुली दिलीच पाहिजे: त्या दिवशी वर्ग हसला, तेव्हा आमच्याही ओठांवर क्षणभर स्मित उमटले होते, आणि त्या मुलाने ते पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याने पुन्हा हात वर केला, तो दिवाळीच्या सुट्टीनंतर. हेल तोच होता. या वेळी मात्र वर्ग धडा ऐकत होता.

विद्यार्थिमित्रहो, कोणी बोलू लागला म्हणजे प्रथम स्वतःस विचारा: हा काय सांगतो आहे, ते मला समजले काय? समजले असेल, तर त्याच्या जिभेने आपले काम चोख बजावले आहे. उरलेले काम आपल्या कानांचे आहे.