लस आणि तिच्यामागील माणूस

‘प्लेगची लस हाफकिन यांनी शोधली’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो. त्यामागील माणूस मात्र त्यास भेटत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांनी तेथे लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना लस दूषित झाली होती, हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. शिक्षकांनी हा प्रसंग सांगून ‘दोष कोठे होता, हे कसे शोधाल?’ असे विचारावे. पुरावा तपासण्याची सवय आणि न्यायबुद्धी ही दोन्ही एकाच पाठातून रुजतील.