आधी रसायनशास्त्र, मग नॅनो

‘मुलीला कॅन्सरवर संशोधन करायचंय, बारावीनंतर नॅनोटेक्नॉलॉजीची पदवी घ्यावी का?’ हा प्रश्न पालक हल्ली वारंवार विचारतात. माझं उत्तर स्पष्ट आहे: आधी साधी बीएस्सी करू द्या, रसायनशास्त्र घेऊन.

कारण ‘कार्बन डॉट्स’मध्ये दिसेल. दहा नॅनोमीटरहूनही लहान असलेले कार्बनचे हे चमकणारे कण २००४ साली अमेरिकेत कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना योगायोगानं हाती लागले. ते बनवणं सोपं आहे. सायट्रिक अ‍ॅसिड आणि इथिलीनडायअमीन पाण्यात विरघळवायचं, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये बंद करायचं आणि काही तास २०० अंशांच्या आसपास तापवायचं. तपकिरी द्रावण मिळतं. अतिनील दिव्याखाली ते निळं झळाळतं.

खरी परीक्षा इथून पुढे. ही चमक कणांची, की द्रावणात उरलेल्या छोट्या रेणूंची? दिवसचे दिवस डायलिसिस करून, म्हणजे पातळ पडद्यातून छोटे रेणू वेगळे काढून, पुन्हा पुन्हा मोजून ते ठरवावं लागतं. शिवाय निळा प्रकाश शरीरात खोल जात नाही. लाल किंवा त्यापलीकडच्या प्रकाशात चमकणारे कण घडवावे लागतात. काही कण प्रकाश पडताच ऑक्सिजनचं क्रियाशील रूप तयार करून कॅन्सरच्या पेशी मारतात. पण हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशी आणि उंदरांवरच चालू आहे, हे मुलांना आजच सांगा. या प्रत्येक पायरीला पक्कं रसायनशास्त्र लागतं, जोडीला थोडं जीवशास्त्र.

बीएस्सीनंतर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. पुढे सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. संशोधनासाठी पुण्यात एनसीएल आणि आयसर या संस्था आहेत, मुंबईत आयसीटी, खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक. बारावीपासून पीएचडीपर्यंत दहा-अकरा वर्षं धरा. मध्येच थांबावं लागलं तरी एमएस्सी वाया जात नाही. औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात हेच शिक्षण लागतं.

कॉलेजची फी भरण्यापूर्वी तिथली प्रयोगशाळा एकदा पाहून या. स्पेक्ट्रोफोटोमीटर विद्यार्थी स्वतःच्या हातानं वापरतात का, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. माहितीपत्रकावर विसंबू नका.