देव वसुलीला येतो

बोरघाट उतरून खाली आले की खोपोलीजवळ साजगाव-ताकईचे विठ्ठलमंदिर लागते. कर्जत-खालापूरकडील भाविक ह्या स्थानास धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिकी एकादशीला येथे यात्रा भरते. देहूचे तुकोबा मिरचीच्या गोण्या घेऊन घाटाखाली कोकणात येत, ती कथा येथील जुनी माणसे आजही सांगतात.

ही कथा संतचरित्रकार महिपतीबुवांनीही (१७१५–१७९०) गायिली आहे. तुकोबा मिरची मांडून नामात रंगून गेले. गिऱ्हाइकांनी आपल्याच हाताने मापे भरली आणि दाम न देता घर गाठले. मग पांडुरंग माणसाच्या रूपाने त्या घरांची दारे ठोठावीत फिरला व त्याने सारी वसुली केली.

ह्या कथेत आम्ही नेहमी तुकोबांकडे पाहतो. देवाने भक्ताची लाज राखली, असे म्हणून टाळ्या वाजवितो. पण बाबांनो, ज्यांच्या दारी देव गेला ते कोण होते? ते फुकट माल नेणारे होते! भक्ताच्या घरी देव जातो ह्यात नवल नाही. लबाडाच्या दारीही तो आपल्या पायांनी गेला. ही वसुली म्हणजेच त्यांच्यावर कृपा. घरात दडविलेले पाप तसेच राहिले असते तर ते जन्मभर जड झाले असते.

कार्तिकात आमच्याकडे भाताची झोडणी चालते. खळ्यावर माप होते. भावाचा वाटा कमी मोजला, बांध हातभर सरकविला, मजुराची मजुरी अडवून ठेवली, हे ज्याचे त्याला ठाऊक असते. एकादशीला आम्ही टिळा लावतो, माळ सावरतो, आणि हे मात्र मनाच्या कणगीत झाकून ठेवतो. मग भजनात जीव लागत नाही. तोच देवाचा ठोठावा समजावा. एकदा दार लावले म्हणून तो परत जात नाही, पुन्हा येतो.

दार कसे उघडावे? विठोबापुढे उभे राहून पापाचे नाव घेऊन सांगावे. "देवा, आम्ही पापी" एवढे मोघम बोलणे सोपे असते. "देवा, त्या माणसाची दोन पायली मी खाल्ली" हे जड जाते. पण खरे कबूल करणे तेच. आणि ज्याचे घेतले त्याचे त्याला नेऊन द्यावे. देवापुढे रडून शेजाऱ्याचे देणे फिटत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात धरावी. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे चरित्र सांगते. ज्याला क्षमा हवी त्याने क्षमा करावीही.

भीती मात्र धरू नये. यात्रेत सुक्या मासळीचा बाजार भरतो, म्हणून लोक ह्या देवाला 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. त्याला राग येत नाही. तो आमचे पाप ऐकून पाठ फिरवील काय? विटेवर उभाच आहे तो. आम्हीच जाण्याचा उशीर.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!