समाजमाध्यमांची सुरक्षितता आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

राज्यघटनेचे कलम १९(१)(अ) नागरिकांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य देते, तर कलम १९(२) त्यावर वाजवी निर्बंधांची मुभा शासनास देते. इंटरनेटच्या प्रसारामुळे हा तोल साधणे अधिक कठीण झाले आहे. महाराष्ट्रातील दोन घटना या संदर्भात बोलक्या आहेत.

दोन घटना

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची हत्या केली. अशा अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. या उपायाने कोणाचे म्हणणे तपासले नाही. केवळ प्रसाराच्या वेगास आवर घातला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे मात्र मुंबईतील बंदवर फेसबुकवरून टीका करणारी तरुणी व त्या मजकुरास पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण यांना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ नुसार ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ यांसाठीही तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे.

संदिग्धतेची किंमत

श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत भेद करून निर्बंध केवळ चिथावणीच्या टप्प्यावर लागू होतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अर्थशास्त्रीय दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. एखादा मजकूर ठेवल्याने कंपनीस होणारा लाभ नगण्य, परंतु खटल्याची जोखीम मोठी असते. नियम संदिग्ध असल्यास मजकूर काढून टाकणेच तिला परवडते. तोटा समाजास होतो.

लखनौचा धडा

केवळ कलम रद्द होणे पुरेसे नसते. जून २०१९ मध्ये मुख्यमंत्र्यांविषयीच्या समाजमाध्यमावरील मजकुरावरून लखनौच्या हजरतगंज पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून पत्रकार प्रशांत कनोजिया यांना दिल्लीतून अटक करण्यात आली. मजकुराचे समर्थन न करताही सर्वोच्च न्यायालयाने ११ जून रोजी त्यांच्या मुक्ततेचा आदेश दिला. रद्द झालेल्या ६६अ खाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजवावे लागले.

राईनपाड्याचा धोका खरा होता. म्हणून नियमन हवेच. परंतु व्याख्या काटेकोर, आदेश सकारण आणि अटक हा अखेरचा उपाय असावा. हे पोलीस ठाण्याच्या पातळीवर रुजले, तरच न्यायालयाचा निर्णय सामान्य नागरिकापर्यंत पोहोचेल.